नेता गेल्यावरची गाणी: शोकगीतांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर संपत आला की चाळींतली मंडळं, गायन पार्ट्या आणि कॉलेजातली मुलं तेच तेच प्रश्न घेऊन येतात. दर वेळी तोंडी सांगत बसण्यापेक्षा उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. दादर, नायगाव, वरळी, घाटकोपर इकडून येणारे बहुतेक प्रश्न बाबासाहेबांवरच्या गाण्यांचे असतात, म्हणून तो भाग लांबला आहे. टिळक, गांधी, नेहरू आणि लिंकन यांच्याबद्दल विचारणारेही असतात. त्यांच्यासाठी खाली थोडंथोडं आहे.

मोठा माणूस गेल्यावर गाणं लिहायची रीत मराठीत इंग्रजी कवितेतून आली का?

नाही. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली, त्यावरचे नामदेवांचे अभंग वाचा. निवृत्तीनाथांचा शोक सांगताना तिथे ओळ येते: "बांधल्या तळ्याचा फुटलासे पाट, ओघ बारा वाट मुरडताती." पुढे पेंढीचा आळा सुटतो आणि गवत रानोमाळ पांगतं. पाठभेद आहेत, पण चित्र हेच.

यात गेलेल्या माणसाचं वर्णन जवळजवळ नाही. तळं फुटल्यावर पाण्याचं काय झालं, आळा सुटल्यावर गवत कुठे गेलं, याचीच चिंता आहे. माझ्या मते मराठी शोकगीताची खरी नाडी इथे आहे: मागे राहिलेल्यांचं आता कसं व्हायचं? नेत्यावरचं गाणं या प्रश्नाला भिडलं तर टिकतं. नुसती थोरवी गायली तर तेराव्यापर्यंत टिकतं.

संस्कृतातला विलाप वेगळा. कालिदासाच्या 'रघुवंशा'त अज राजा इंदुमतीसाठी रडतो, 'कुमारसंभवा'त रती मदनासाठी. दोन्ही सुंदर आहेत, पण ते जोडीदाराचं दुःख. प्रजेने राजासाठी, अनुयायांनी नेत्यासाठी रडायचं तर आपल्याकडे अभंग, पोवाडा आणि ओवी हीच घरची साधनं.

६ डिसेंबरचं गाणं बसवतोय. त्या दिवशी नेमकं काय झालं? गाण्यात काय बरोबर, काय चूक?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि यायलाच हवा, कारण नव्या गाण्यांत तारखांचा घोळ फार असतो.

बाबासाहेबांचं निधन ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत, २६ अलीपूर रोडच्या घरी झालं. पार्थिव विमानाने मुंबईला आणलं आणि दादरच्या हिंदू कॉलनीतल्या राजगृहात ठेवलं. अंत्यसंस्कार ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीने झाले. राजगृहापासून चौपाटी एरवी पायी अर्ध्या-पाऊण तासाची वाट. त्या दिवशी अंत्ययात्रेला संध्याकाळ झाली.

तेव्हा तिथे चैत्यभूमी नव्हती. स्तूपाचं उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते झालं. त्यामुळे "चैत्यभूमीवर चिता पेटली" अशी ओळ कोणी लिहिली तर मी हळूच खोडतो. जागा तीच असली, तरी त्या संध्याकाळी तिथे नुसती वाळू होती.

आता गाणं लिहिणाऱ्याने हमखास घ्यावी अशी गोष्ट. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ५३ दिवसांत बाबासाहेब गेले. मुंबईतही १६ डिसेंबरला दीक्षेचा कार्यक्रम व्हायचा होता. तो दिवस उजाडलाच नाही. मग ७ डिसेंबरला, चितेसमोर, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून जमलेल्या जनसमुदायाने दीक्षा घेतली. डोळ्यांत पाणी आणि तोंडात त्रिशरण. शोक आणि शपथ एकाच श्वासात निघण्याचा तो प्रसंग. यानंतरच्या भीमगीतांचं, म्हणजे बाबासाहेबांवरच्या गाण्यांचं, वळण इथेच ठरलं असं मला वाटतं. इतकं असून या दीक्षेवर गाणी थोडी आहेत आणि विमानावर, हारांवर, गर्दीवर खंडीभर.

या गाण्यांत रडणं इतकं कमी का? दुःखाचं गाणं म्हणावं तर कोरस टाळ्या पाडतो.

अण्णाभाऊ साठ्यांचं "जग बदल घालुनी घाव, सांगुनि गेले मज भीमराव" घ्या. हे शोकगीत आहे असं सांगितलं की तरुण मुलं चमकतात. मोर्च्यातलं गाणं म्हणूनच त्यांना ते माहीत असतं. पण नीट ऐका. भीमराव गेले आहेत. जाताना काम सांगून गेले आहेत. निधनाची बातमी अर्ध्या ओळीत उरकते, त्यातही कामाच्या आडून, आणि गाणं थेट मागे राहिलेल्याकडे वळतं: गुलामगिरीच्या चिखलात ऐरावत का रुतून बसलाय? अंग झाडून बाहेर ये.

या ऐरावताकडे जरा थांबून बघा. चिखलात रुतलेली म्हैस सगळ्या गावाने पाहिलेली असते. अण्णाभाऊ तिथे इंद्राचा हत्ती आणून उभा करतात. ज्याला सगळे हीन म्हणत आले त्याला सांगतात की तू ऐरावत आहेस, फक्त रुतला आहेस. सांत्वन करायचं तर असं. पाठीवर हात फिरवण्यापेक्षा पाठ सरळ करणारं.

टाळ्यांचं म्हणाल तर त्या पडू द्या. जलशाची, म्हणजे गाण्यांतून चळवळीचा विचार सांगणाऱ्या कार्यक्रमाची, परंपराच ती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारखे जलसेकार गावोगाव फिरत होते. आपली दहा भाषणं आणि जलसेकारांचा एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणाल्याचं सांगतात. डफ, ढोलकी, तुणतुणं, मागे सूर धरणारे झिलकरी. सगळं साहित्य चळवळीचं. तेच साहित्य ७ डिसेंबरनंतर दुःखाला वापरलं गेलं. म्हणून दुःखही उभं राहूनच गायलं गेलं.

बाबासाहेबांना "भीमा", "तू", "तुझ्या" असं एकेरी कसं? आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी आक्षेप घेतला.

काकांना विचारा, विठ्ठलाला ते अहो-जाहो करतात का? आईला? मराठीत जो सगळ्यात जवळचा त्याला गाण्यात एकेरीच हाक जाते. भाषणात "बाबासाहेब म्हणाले" आणि गाण्यात "भीमा तुझ्या जन्मामुळे" हे एकाच माणसाच्या तोंडी शोभतं. गाणं सुरू झालं की नातं बदलतं.

बायकांच्या ओव्यांचा यात समावेश होतो का?

होतो, आणि तो आधी व्हायला हवा. जात्यावरच्या ओव्यांत भीमराव कुणाचा भाऊ, कुणाचा बाप, आणि रमाबाई कुणाची बहीण किंवा वहिनी. रमाबाई २७ मे १९३५ रोजी गेल्या, म्हणजे बाबासाहेबांच्या वीसेक वर्षं आधी, तरी ओवीत ती अजून राजगृहाच्या दारात उभी असते. शाहिराच्या गाण्यात देशाचा नेता गेला, ओवीत माहेर तुटलं.

मुंबईच्या चाळींत जातं नव्हतं, पण जात्यावर गाणाऱ्या बायका होत्या. तुमच्या घरात एखादी आजी असेल तर तिला आधी फोनवर रेकॉर्ड करा, मग स्मरणिकेचं बघा.

सगळी गाणी सिनेमाच्या चालीवर का? हा बाबासाहेबांचा अपमान नाही का?

नाही. बातमी संध्याकाळी येते आणि दुसऱ्या दिवशी चाळीत सभा असते. संगीतकार कुठून आणणार? लोकांच्या कानात बसलेली चाल घेतली की शब्द लगेच गळ्यात उतरतात आणि दुसऱ्या कडव्याला शंभर माणसं सोबत गातात. कीर्तनकार आणि मेळेवाले हेच करत आले. नाट्यपदांच्या चाली भजनात गेल्या तेव्हा कोणी तक्रार केली नव्हती.

मात्र चाल निवडताना मूळ गाण्याचे शब्द आठवून बघा. प्रेयसीच्या केसांवरच्या गाण्याची चाल घेतलीत तर पहिल्या ओळीला मागच्या रांगेत खसखस पिकणारच. सामन्याच्या कव्वालीत हे खपतं, तिथे दोन पार्ट्या एकमेकींना टोमणे मारायलाच बसलेल्या असतात. ६ डिसेंबरला नाही.

वामनदादांचं कोणतं गाणं घ्यावं?

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, पण अक्षरओळख झाली मुंबईत, तीही मोठेपणी. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिलेला हा माणूस पुढे हजारो गाणी लिहून गेला.

"उद्धरली कोटी कुळे" सगळ्यांनाच येतं. पण शोकगीत म्हणून मला त्यांचं "भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते" जास्त महत्त्वाचं वाटतं. बाबासाहेबांच्या नंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि काही वर्षांतच त्याचे तुकडे पडत गेले. हे गाणं त्या तुकड्यांचं आहे. कोट्यवधींचा नेता गेला आणि शोधायला निघालं तर खऱ्या अर्थाने त्याच्या मताची पाच माणसं सापडत नाहीत! नामदेवांच्या फुटलेल्या पाटाचे बारा ओघ इथे माणसांच्या रूपात दिसतात. यात शोक करणाऱ्यालाच आरोपी केलं आहे, आणि शोक करणारा ते मान हलवत, दाद देत ऐकतो. पक्षाच्या व्यासपीठावर हे गाणं गाताना पुढच्या रांगेतल्या सफेद कपड्यांकडे जरूर बघा.

शेवटच्या कडव्यात "वामन" नाव येतं. ते वेळ वाचवायला गाळू नका. तुकोबांच्या अभंगातून "तुका म्हणे" काढाल का? एका मंडळाच्या छापील पुस्तिकेत ते कडवंच गायब होतं आणि खाली "पारंपरिक" असं छापलं होतं. माणूस जाऊन पुरती दहा-बारा वर्षं झाली नव्हती.

टिळकांवरची शोकगीतं का ऐकू येत नाहीत? तेही मुंबईतच गेले ना?

हो. १ ऑगस्ट १९२० रोजी, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात. भर पावसात अंत्ययात्रा निघाली आणि गिरगाव चौपाटीवर अग्नी दिला. नेहमीची स्मशानभूमी सोडून समुद्रकाठी दहन होण्याचा मान या शहराने दिला, त्यात टिळक गिरगावला आणि बाबासाहेब दादरला.

टिळकांवर लिहिलं भरपूर गेलं. १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला होता, इतकं त्यांचं वजन. पण त्यांच्यावरची बरीचशी रचना मासिकांत, वृत्तात, तत्सम शब्दांत झाली. ती वाचली जायची. दर वर्षी एका जागी जमून गायची सवय त्या गाण्यांभोवती तयार झाली नाही. टिळकांची आठवण लोकांनी गणपतीत ठेवली, गाण्यात नाही. हे माझं मत आहे, पुण्याचे लोक वेगळं सांगतील.

जाता जाता: टिळक गेले त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ जन्मले.

गांधीजी आणि नेहरूंवर मुंबईतून काय लिहिलं गेलं?

इथे मुंबईचा हिंदी सिनेमा पुढे होता. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये राजेंद्र कृष्ण यांनी "सुनो सुनो ऐ दुनियावालो, बापू की ये अमर कहानी" लिहिलं, हुस्नलाल-भगतराम यांचं संगीत, आवाज मोहम्मद रफींचा. ढाचा बघाल तर पोवाड्याचा सख्खा भाऊ: जन्मापासून मृत्यूपर्यंत क्रमाने कथा.

नेहरू २७ मे १९६४ रोजी गेले. कैफी आझमींनी 'नौनिहाल' (१९६७) साठी "मेरी आवाज़ सुनो" लिहिलं, संगीत मदनमोहन, गायक पुन्हा रफी. पडद्यावर नेहरूंची अंत्ययात्रा दिसते आणि बोलतात ते खुद्द नेहरूच, म्हणजे गेलेला माणूस मागच्यांना सांगतोय. अण्णाभाऊंच्या "सांगुनि गेले"च्या हे किती जवळ आहे! दोघेही मुंबईतले, दोघेही डाव्या चळवळीतले, तेव्हा फार नवल नाही.

आमचे मुस्लिम मित्र मर्सिया म्हणतात. तो नेत्यावर चालतो का?

मर्सिया म्हणजे उर्दूतलं शोककाव्य. त्याचा मूळ विषय करबलाची लढाई आणि तिथे मारले गेलेले इमाम हुसैन. मोहर्रमच्या दिवसांत डोंगरी भागात गेलात तर ऐकायला मिळेल. लखनौच्या मीर अनीसने (१९ वं शतक) तो सहा ओळींच्या कडव्यांत कळसाला नेला. पुढे व्यक्तींवरही मर्सिये झाले. गालिब १८६९ मध्ये गेल्यावर हालीने लिहिलेला प्रसिद्ध आहे. तेव्हा चालतो.

शाळेत "कॅप्टन, माय कॅप्टन" होती. ती यात बसते?

बसते. अब्राहम लिंकनना १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या नाट्यगृहात गोळी लागली, दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. वॉल्ट व्हिटमनने त्यावर ही कविता लिहिली: जहाज बंदराला लागलंय, लोक जल्लोष करतायत आणि कप्तान डेकवर मरून पडलाय. एरवी मुक्तछंदात लिहिणाऱ्या व्हिटमनने इथे यमकं जुळवली, म्हणून ती शाळांत गेली आणि पाठ झाली. ती लिहिल्याचा आपल्याला जवळजवळ पश्चात्तापच होतो, असं म्हातारपणी तो म्हणायचा. लायलॅकच्या फुलांवरची त्याची दुसरी, लांबलचक कविता कितीतरी खोल आहे.

गंमत अशी की दोन्ही कवितांत लिंकनचं नाव एकदाही येत नाही. आणि आपल्या भीमगीतात मुखड्यातच नाव, प्रत्येक कडव्यात नाव! तिथे ज्याचं नाव न घेता सगळ्यांना कळतं, तो राष्ट्राध्यक्ष होता. इथे ज्यांच्या बापजाद्यांना गावाने धड नावाने हाक मारली नाही, त्यांनी एक नाव उचललं आणि ते मोठ्याने घेत राहिले.

गद्य श्रद्धांजली वाचली तर चालेल का? कोणाची?

आचार्य अत्र्यांची. दादर चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेसमोर ते बोलले होते. त्यांचा 'मराठा' १५ नोव्हेंबर १९५६ ला निघाला होता, म्हणजे पेपर जेमतेम तीन आठवड्यांचा. नेहरूंवरचे त्यांचे लेख पुढे 'सूर्यास्त' नावाने पुस्तकात आले. मृत्युलेखात अत्रे अतिशयोक्ती करतात हे खरं आहे, पण मोठ्याने वाचून बघा, सभागृह गप्प होतं. फक्त वाचणाऱ्याचा आवाज हवा. पुटपुटणाऱ्याच्या हाती अत्रे देऊ नयेत.

शोकसभेत "जन पळभर म्हणतील हाय हाय" म्हणावी का?

कृपा करून नको. भा. रा. तांब्यांची कविता उत्तम आहे, पण मी गेल्यावर कोणाचं काही अडणार नाही असं ती सांगते. नेत्याच्या फोटोसमोर, त्याच्या घरच्यांच्या देखत ती म्हणणं म्हणजे काय, विचार करा. तरी दर वर्षी कोणीतरी म्हणतोच.

जयंतीची गाणी ६ डिसेंबरला लावली तर?

शब्द चालतील, थाट चालणार नाही. १४ एप्रिलला ढोल, नाच, निळा गुलाल सगळं योग्य. ६ डिसेंबरला लोक पांढऱ्या कपड्यांत, मेणबत्ती घेऊन, रात्रभर रांगेत उभे राहून अभिवादनाला येतात. त्यांच्या कानाशी डीजे लावू नका. पेटी, ढोलकी आणि दोन आवाज पुरतात. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा नियम आहेच.

स्मरणिकेत गाणी छापायला परवानगी लागते का?

कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतात. अण्णाभाऊ १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत. वामनदादांची गाणी २०६४ पर्यंत. तांबे १९४१ मध्ये गेले, ते मोकळे. हौशी मंडळाने तिकीट न लावता गाणं गायलं तर कायद्यात सवलत आहे, पण छापणं, विकणं, यूट्यूबवर टाकणं वेगळं. वारसांना फोन करा. चार शब्द नीट बोललात तर अडचण येण्याचं कारण नाही, आणि मानधन देऊ केलंत तर बरं दिसेल.

नवं गाणं लिहितोय. काय टाळू?

सूर्य मावळला, वटवृक्ष कोसळला, दीप विझला, पोरके झालो. ही चारही वापरून वापरून गुळगुळीत झाली आहेत. त्यापेक्षा एक खरी वस्तू घ्या. निधनाच्या आदल्या रात्रीपर्यंत बाबासाहेब 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या कामात होते आणि तो १९५७ मध्ये, त्यांच्या मागे, छापून आला. टेबलावरचे ते कागद कुणाच्या गाण्यात आलेत? मी तरी ऐकले नाहीत.

चार कडव्यांच्या पुढे जाऊ नका. आणि शेवटच्या कडव्यात सगळ्या समाजाला उपदेश करायचा मोह होतो, तिथे स्वतःपुरतं बोला.

जुनी गाणी ऐकायला, विकत घ्यायला कुठे मिळतील?

६ डिसेंबरच्या आसपास शिवाजी पार्कात. पुस्तकांचे स्टॉल असतात त्यांच्यातच गाण्यांच्या चोपड्या मिळतात, पूर्वी कॅसेट होत्या, मग सीडी, आता पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवर कवीचं नाव शोधूनही सापडत नाही, म्हणून चोपडीही घ्या. ५ तारखेला दुपारी गेलात तर निवांत चाळता येतं. ६ ला स्टॉलपर्यंत पोचायलाच वेळ जातो. सुटे पैसे ठेवा आणि घासाघीस करू नका, विकणारा बऱ्याचदा लांबच्या जिल्ह्यातून येऊन मैदानातच झोपलेला असतो.